क्यूआर कोडची गंगाजळी

गेल्या वैशाखात आमच्या घरच्या लग्नपत्रिकेवर मंगल कार्यालयाचा रस्ता दाखवणारा क्यूआर कोड छापला. मरून कागद, सोनेरी छपाई, कोडच्या मधोमध गणपती. छापण्याआधी संगणकाच्या पडद्यावर तो चटकन वाचला गेला होता. पाहुण्यांच्या हातात पत्रिका पडल्या, तेव्हा मात्र बऱ्याच फोनांनी त्याला दादच दिली नाही. असं का झालं हे समजायला या कोडचा जन्म कुठे झाला ते पाहावं लागतं.

टोयोटाला मोटारींचे सुटे भाग पुरवणाऱ्या जपानच्या डेन्सो कंपनीत पेट्यांची नोंद बारकोडने व्हायची. एका बारकोडमध्ये जेमतेम २० अक्षरं मावत. म्हणून एकेका पेटीवर दहा-दहा बारकोड असत आणि कामगार ते एकामागून एक स्कॅन करत. त्यात तेलाचा डाग पडला की वाचन अडलंच. ही तक्रार कंपनीतले अभियंते मासाहिरो हारा यांच्याकडे आली. दुपारच्या सुट्टीत ते ‘गो’ हा पटावरचा खेळ खेळत. पटावर मांडलेल्या काळ्या-पांढऱ्या सोंगट्यांवरून त्यांना सुचलं, की माहिती आडवी आणि उभी अशी दोन्हीकडे मांडता येईल.

पण कागदावर ही जाळी नेमकी कुठे आहे, हे यंत्राला कळणार कसं? त्यासाठी तीन कोपऱ्यांत चौकोन आले. तसाच आकार शेजारच्या मजकुरात आला तर घोटाळा होणार, म्हणून हारांच्या छोट्या चमूने जाहिरातपत्रकं, मासिकं, खोकी असं छापील साहित्य चाळून काळ्या-पांढऱ्याचं सर्वांत क्वचित दिसणारं प्रमाण शोधलं. ते निघालं १:१:३:१:१. हातातल्या कोणत्याही कोडच्या कोपऱ्यातल्या चौकोनावर मधोमध रेघ ओढून बघा: काळं एक, पांढरं एक, काळं तीन, पांढरं एक, काळं एक. मला या शोधातला हा सगळ्यांत देखणा भाग वाटतो. सजावटीच्या हौसेपायी त्या चौकोनांची फुलं किंवा बदाम केले, तर फोनला कोड सापडेलच असा भरवसा राहत नाही.

१९९४ मध्ये हा कोड जाहीर झाला. पेटंट असूनही कंपनीने तो सर्वांना वापरू दिला. २००० मध्ये त्याला आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला.

तेलाच्या डागांवरचा उपाय त्याहून जुना आहे. आयर्विंग रीड आणि गुस्ताव सॉलोमन यांनी १९६० मध्ये मांडलेल्या गणिताने पुसलेला मजकूर परत मिळवता येतो. क्यूआर कोडमध्ये त्याच्या चार पातळ्या आहेत: सुमारे ७, १५, २५ आणि ३० टक्के नुकसान सोसणाऱ्या. हे फुकट मिळत नाही. सर्वांत लहान, २१ बाय २१ चौकटींच्या कोडात २६ बाइट असतात. खालच्या पातळीवर त्यातले १९ मजकुराच्या वाट्याला येतात. वरच्या पातळीवर अवघे ९, बाकी १७ दुरुस्तीसाठी राखीव. ही झाली कोडची गंगाजळी. मध्ये लोगो बसवतो तेव्हा आपण तीच खर्चतो. मग घडी, ओरखडा, लॅमिनेशनची चमक यांच्यासाठी फारसं काही उरत नाही.

देवनागरीत आणखी एक खाच आहे. ‘मुंबई’ हा शब्द कोडात १५ बाइट घेतो. तोच वेबपत्त्यात असेल आणि ब्राउझरमधून पत्ता कॉपी केला, तर बहुतेकदा त्याची टक्केचिन्हांनी भरलेली ४५ अक्षरं होतात. मजकूर वाढला की चौकटी वाढतात, जागा तेवढीच असल्याने त्या बारीक होतात, आणि कॅमेरा चाचपडतो. म्हणून छोटी लिंक बरी.

आमच्या पत्रिकेत हे सगळंच एकत्र आलं होतं: लांबलचक लिंक, मधला गणपती, चकाकणारी शाई. शिवाय गडद कागदावर उजळ कोड म्हणजे उलटा कोड. काही ॲप तो वाचतात, काही वाचत नाहीत. उरलेल्या पत्रिकांवर आम्ही रात्री बसून स्टिकर चिकटवले. गणपती पत्रिकेच्या माथ्यावर होताच, तो तिथेच राहिला. स्टिकरवर पांढऱ्यावर काळा कोड, आणि चारही बाजूंनी चार-चार चौकटींची कोरी जागा.