सर्दीत बाळ दूध सोडतं ते नाकामुळे

सर्दी झालेलं तीन-चार महिन्यांचं बाळ दूध पिताना नीट बघा. ते अधाशासारखं स्तन तोंडात घेतं, तीन-चार घोट ओढतं, मग लाल होऊन स्तन सोडतं, रडतं आणि पुन्हा स्तन शोधू लागतं. असं दोन-चारदा झालं की दमून झोपी जातं. घरातले म्हणतात, ‘आज भूकच नाही त्याला.’ खरं तर भूक असते, पिण्याची धडपडही असते. पण पिताना ओठ गच्च मिटलेले असतात, तेव्हा श्वासाची वाट नाकातूनच असते, आणि नेमकी तीच बंद असते.

चोखणं, गिळणं आणि श्वास घेणं या तीन गोष्टी बाळ एका लयीत करतं. घोट गिळताना श्वास क्षणभर थांबतो आणि पुढचा श्वास नाकातून येतो. पहिल्या चार-सहा महिन्यांत बाळ एरवीही मुख्यतः नाकानेच श्वास घेतं. त्यातून त्याची नाकपुडी अगदी बारीक. नळीची त्रिज्या निम्मी झाली, तर त्याच दाबाने तिच्यातून जाणारा प्रवाह सोळाव्या हिश्श्यावर येतो, हा भौतिकशास्त्राचा नियम इथेही लागू पडतो. मोठ्या माणसाला जाणवणारही नाही एवढ्या सुजेने आणि शेंबडाने बाळाचं नाक बंद होतं.

आता पाण्याचा हिशोब. पूर्ण दिवसांच्या नवजात बाळाच्या वजनाचा सुमारे ७५ टक्के भाग पाणी असतो. वजनाच्या मानाने त्याची त्वचा जास्त असते, श्वास जलद असतो, त्यामुळे पाणी उडतंही जास्त. ताप आला की प्रत्येक अंश सेल्सिअसमागे ही घट साधारण एक दशांशाने वाढते. पहिल्या काही महिन्यांत दुधाची गरज दर किलोला रोज सुमारे १५० मिली, म्हणजे सहा किलोच्या बाळाला ९०० मिली. वजनाच्या पाच टक्के पाणी कमी झालं, तरी अंगावर परिणाम दिसू लागतो. सहा किलोच्या बाळात ते फक्त ३०० मिली भरतं. दिवसभर अर्धवट पिणाऱ्या बाळाला तिथवर पोचायला वेळ लागत नाही.

म्हणून आधी नाक, मग दूध. औषधाच्या दुकानात ०.६५ किंवा ०.९ टक्के मिठाच्या पाण्याचे नाकाचे थेंब मिळतात. हे घ्या. घरी चमच्याने मीठ मोजताना प्रमाण हमखास चुकतं, आणि नुसतं पाणी नाकात झोंबतं. पाजण्याच्या दहा-पंधरा मिनिटं आधी बाळाला उताणं झोपवा आणि खांद्याखाली दुपट्याची घडी ठेवा, म्हणजे मान जराशी मागे जाईल. प्रत्येक नाकपुडीत दोन थेंब सोडा. बाटलीचं टोक नाकाला लावू नका. मिनिट-दोन मिनिटं थांबून बाळाला उभं धरा. बऱ्याचदा तेवढ्यावरच शिंक येते, घट्ट शेंबूड सुटतो आणि बाळ तो गिळून टाकतं. गिळला तरी अपाय नाही.

शेंबूड दिसतोय पण निघत नाही, अशा वेळी रबरी फुगा, म्हणजे शेंबूड ओढून घेणारा टोकदार छोटा पंप, वापरा. फुगा आधी बाहेरच दाबायचा, मग टोक नाकपुडीच्या तोंडाशी टेकवायचं आणि हळूहळू सोडायचा. नाकात घालून मग दाबला, तर शेंबूड उलट आत ढकलला जातो. सर्रास होणारी चूक हीच. हे दिवसातून तीन-चार वेळांपेक्षा जास्त करू नका. सारखं ओढल्याने आतली नाजूक त्वचा सुजते आणि नाक आणखी चोंदतं. दूध पाजल्यावर लगेच तर नाहीच, उलटी होईल. फुगा दर वेळी साबणाच्या गरम पाण्याने आतूनही धुवा आणि पूर्ण वाळवा.

नाक मोकळं झालं की बाळाला जरा उभट धरून अंगावर घ्या. एका वेळी पोटभर पिण्याची अपेक्षा ठेवू नका. तीन तासांनी ११० मिली पिणारं बाळ दर तास-दीड तासाने ४०-५० मिली घेईल, आणि तेवढं पुरतं. अंगावर ओढवतच नसेल, तर स्वच्छ हातांनी दूध काढून वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने पाजा. बोंडल्याचं टोक ओठाच्या कोपऱ्याशी टेकवा, थोडंथोडं सोडा आणि आधीचा घोट गिळल्याची खात्री झाल्यावरच पुढचं द्या. रडणाऱ्या बाळाच्या घशात दूध ओतणं धोक्याचं आहे, ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. डब्याचं दूध चालू असेल तर ते ठरलेल्या मापानेच करा. सर्दीत ‘हलकं’ म्हणून पातळ करू नका.

सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला वरचं पाणी नको, कोमटसुद्धा नको. आईच्या दुधात ८७-८८ टक्के पाणीच असतं. वरच्या पाण्याने इवलंसं पोट भरतं, दूध कमी जातं आणि रक्तातलं सोडियम उतरलं तर झटकेही येऊ शकतात. सहा महिन्यांनंतर दूध मुख्य ठेवून मधूनमधून चमचा-चमचा उकळून गार केलेलं पाणी, भाताची पेज, वरणाचं पाणी द्यायला हरकत नाही. जेवण दोन-चार दिवस कमी झालं तर चिंता करू नका, पातळ पदार्थांवर लक्ष ठेवा. नुसत्या सर्दीला ओआरएस लागत नाही. जुलाब किंवा उलट्या जोडीला आल्या तर डॉक्टरांना विचारून जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचं द्या, आणि पाकिटावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यातच कालवा.

प्रेमापोटी होणारे काही उपाय मात्र थांबवायला हवेत. नाकात तेल घातलं की ते फुफ्फुसात उतरून तिथे सूज येऊ शकते. धुरीने आधीच सुजलेलं नाक आणखी सुजतं. कापूर बाळाच्या जवळ नको, तो पोटात गेला तर झटके येतात. वर्षाच्या आत मध नको, त्यातून बॉट्युलिझम, म्हणजे जंतूंच्या विषाने स्नायू लुळे पडण्याचा आजार, होऊ शकतो. मोठ्यांचे नाक मोकळं करणारे थेंब बाळाला घातले, तर गुंगी येऊन हृदयाचे ठोके मंदावू शकतात. सर्दीच्या सिरपमधल्या क्लोरफेनिरामीन आणि फेनिलेफ्रिन या जोडीबद्दल भारताच्या औषध नियंत्रकांनी २०२३ मध्येच, चार वर्षांखालच्या मुलांना ती देऊ नये असा इशारा लेबलवर छापायला सांगितलं आहे. शिवाय अशा सिरपने पेंगुळलेलं बाळ दूधही कमीच पितं.

पुरेसं पोटात जातंय का, हे लंगोटावरून कळतं. जेलचे डायपर भिजले तरी वरून कोरडे लागतात, म्हणून आजारपणात सुती लंगोट बरे, किंवा स्वयंपाकघरातला वजनकाटा वापरा. कोरडा डायपर ३० ग्रॅम आणि ओला ७५ ग्रॅम भरला, तर शू साधारण ४५ मिली. दर किलोला तासाला निदान १ मिली व्हायला हवी. म्हणजे सहा किलोच्या बाळाची आठ तासांत ५० मिलीच्या आसपास. एरवी दिवसाला सहा-सात लंगोट भिजत असतील आणि आज तीनच भिजले, शू गडद पिवळी आहे, तर दवाखान्यात फोन करा.

नेहमीच्या निम्म्याहून कमी दूध, आठ तासांत शू नाही, तोंड कोरडं, टाळू खोल गेलेली, बाळ मलूल किंवा उठवूनही नीट जागं होत नाही, यातलं काहीही दिसलं तर थांबू नका, बाळाला घेऊन निघा. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ अंश फॅरनहाइट किंवा अधिक ताप असेल, तरीही लगेच निघायचं. बाळ शांत असताना कपडे वर करून पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. दोन महिन्यांखाली ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा जास्त म्हणजे श्वास जलद आहे. बरगड्यांखालचा भाग प्रत्येक श्वासाला आत ओढला जात असेल, ज्याला आपल्याकडे पोट उडणं म्हणतात, किंवा ओठ निळसर दिसत असतील, तर चमच्यानेही काही पाजू नका. धापा टाकणाऱ्या बाळाला ठसका लागतो. तसंच उभं धरून थेट रुग्णालय गाठा. तिथे गरजेनुसार नळीने किंवा सलाइनने पाणी देता येतं.