कोलोनोस्कोपीआधी पोट साफ करायचं औषध

मोठं आतडं दुर्बिणीतून नीट दिसावं म्हणून आदल्या दिवसापासून जे जुलाबाचं औषध पाजतात ते, डॉक्टर लोक याला नुसतं 'प्रेप' म्हणतात. कुठलं घ्यायचं हे चवीवर नाही, किडनी आणि हार्ट कसं आहे त्यावर ठरतं.

सगळ्यात जास्त चालतं ते पेग, म्हणजे पॉलिइथिलीन ग्लायकॉल आणि क्षारांची पावडर, आपल्याकडे एक मोठं पाकीट २ लिटर पाण्यात कालवून देतात, परदेशात जुना डोस ४ लिटरचा. हे आतड्यात जवळपास शोषलंच जात नाही, प्यायलेलं पाणी सोबत घेऊन तसंच खाली येतं, त्यामुळे अंगातल्या क्षारांची फारशी उलथापालथ होत नाही आणि किडनीवाल्यांना बहुतेकदा हेच देतात. चव मात्र खारट, बुळबुळीत. फ्रिजमध्ये गार करून स्ट्रॉने प्यायलं तर उतरतं घशाखाली.

सोडियम पिकोसल्फेट-मॅग्नेशियमवालं किंवा सल्फेटवालं प्यायला कमी असतं पण ते अंगातलं पाणी आतड्यात ओढतं, म्हणून वरून साधं पाणी भरपूर प्यावंच लागतं, आणि किडनी अधू असेल तर मॅग्नेशियम रक्तात साठतं. सोडियम फॉस्फेटची छोटी बाटली लोकांना आवडायची, पण त्याने किडनीत स्फटिक साचून ती कायमची खराब झाल्याच्या केसेस निघाल्या आणि २००८ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, कडक इशारा दिला. मॅनिटॉल हे साखरेसारखं जुलाबाचं औषध तर वेगळंच प्रकरण, आतड्यातले जंतू ते आंबवून हायड्रोजन करतात आणि पॉलिप (आतड्याच्या आतल्या बाजूला वाढलेला कोंब) कापताना करंट लावला की स्फोटाची भीती.

औषधाच्या नावाइतकीच वेळ महत्त्वाची. अर्धा डोस आदल्या रात्री, उरलेला तपासणीच्या ४ ते ६ तास आधी सुरू करून निदान २ तास आधी संपवायचा. सगळं रात्रीच संपवलं तर सकाळपर्यंत लहान आतड्यातून पिवळा चिकट थर उतरून मोठ्या आतड्याच्या उजव्या बाजूला बसतो आणि तिथलं नीट दिसत नाही.

खाण्यात आदले दोन-तीन दिवस पेरू, टोमॅटो, तीळ, पालेभाजी बंद, मऊ भात चालतो. आदल्या दिवशी नारळपाणी, गाळलेलं लिंबूसरबत, कोरा चहा. कोकम सरबत नको हं, तो लाल रंग आत रक्तासारखा दिसतो! लोहाच्या गोळ्या साधारण आठवडाभर आधी थांबवतात, शुगरच्या आणि रक्त पातळ करायच्या गोळ्यांचं डॉक्टरांनाच विचारायचं.

शेवटी शी लघवीसारखी पिवळसर, आरपार दिसणारी झाली पाहिजे. दुसऱ्या डोसनंतरही गढूळच असेल तर टेबलावर झोपायच्या आधी सिस्टरला सांगायचं.