मच्छीमारांचं किसान क्रेडिट कार्ड: बँकेने सातबारा मागितला तर?

शिमगा झाला की किनाऱ्यालगत मासेमारी करणाऱ्या छोट्या होड्यांना जेमतेम दोन-अडीच महिने उरतात, १ जून ते ३१ जुलै बंदी, आणि ऑगस्टात होडी परत पाण्यात घालताना डिझेल, बर्फ, खलाशांचे पैसे सगळं एकदम अंगावर येतं. म्हणून किसान क्रेडिट कार्डाचा, म्हणजे बँकेकडून कमी व्याजात हंगामाच्या खर्चाला पैसे देणाऱ्या कार्डाचा, अर्ज आत्ताच टाका, जुलैअखेर धावपळ केलीत तर व्यापाऱ्याची उचल घ्यावी लागते आणि मग मासळी त्याच्याच भावाने जाते.

सगळ्यात जास्त लोक अडकतात ते सातबाऱ्यावर. "किसान" नाव बघून काउंटरवर सातबारा मागतात आणि आपली माणसं गप घरी येतात. अहो, ज्याचं पोट समुद्रावर त्याच्याकडे शेतजमिनीचा कागद कुठून येणार? हे कार्ड २०१८-१९ च्या बजेटपासून मच्छीमारांना लागू आहे. समुद्रातल्या मासेमारीसाठी रिझर्व्ह बँकेच्या नियमात काय मागितलंय, तर स्वतःची किंवा भाड्याने घेतलेली नोंदणीकृत होडी आणि मासेमारीचा परवाना, बस. एवढं शांतपणे सांगा, अर्ज लेखी द्या, पोचपावती घ्या आणि नकार दिला तर तोही लेखीच मागा, कारण तोंडी नकाराचं पुढे काहीच करता येत नाही, हे मच्छीमार सोसायटीत बसून मी फार वेळा बघितलंय.

दुसरी अडचण घरातलीच. होडी मुलगा चालवतो, नोंदणी अजून वारलेल्या वडिलांच्या नावावर. अशा अर्जावर बँक पुढे जात नाही. आधी मत्स्यव्यवसाय विभागात नाव बदलून घ्या, मृत्यूचा दाखला आणि बाकी वारसांची संमती लागते आणि संमतीलाच वेळ जातो, एक भाऊ मुंबईला, बहीण सासरी. परवान्याची मुदतही तेव्हाच बघा. होडी भाड्याची असेल तर करार कागदावर हवा.

आधार, पॅन, फोटो, पासबुक हे नेहमीचंच.

अर्जात "नवीन इंजिनसाठी" असं लिहू नका, त्यावरून अर्ज परत आलेत. हे खेळतं भांडवल आहे, म्हणजे डिझेल, बर्फ, मजुरी, बंदरावरचा खर्च.

आणि कृपा करून हे नीट वाचा. कार्ड ५ वर्षांचं असतं, कर्ज ५ वर्षांचं नसतं! २ लाखांपर्यंत व्याज ७ टक्के, वेळेत भरलं तर ३ टक्के सवलत मिळून ४ टक्के पडतं. ती वेळ म्हणजे बँकेने दिलेली तारीख, जास्तीत जास्त पैसे उचलल्यापासून एक वर्ष. शेजारी ३१ मार्च म्हणतो म्हणून तुमचीही तीच असेल असं नाही, पैसे उचलतानाच तारीख विचारा आणि पासबुकवर लिहून घ्या.