इथे आभाळ मोकळं, म्हणून नाला सुरक्षित?

'आपल्याकडे पाऊस नाही, मग नाल्याला लोंढा कुठून येणार?' नाल्यात कयाक (वल्ह्याने चालवायची लहान, अरुंद होडी) उतरवणाऱ्यांचा हा समज साहजिक आहे, पण खरा नाही. पांझरा नदी साक्रीकडच्या डोंगरातून येते, अनेर आणि सुकी या नद्या सातपुड्यातून. तिकडे जोराची सर झाली की धुळ्यात ऊन असतानाही पाणी चढू शकतं. उघड्या, खडकाळ उतारावर ते फारसं मुरतच नाही.

कयाक उतरवण्याआधी नकाशावर नाला उगमापर्यंत शोधा, तिथला पाऊस पाहा, वरच्या गावात फोन करा. काठच्या बाभळीत अडकलेला काडीकचरा नीट बघा. पूर तिथवर चढला होता. पाणी एकाएकी गढूळलं, काटक्या वाहू लागल्या, की लगेच उंच काठ गाठा. वेग दुप्पट झाला की रेटा चौपट होतो, तिथे लाइफ जॅकेटवर विसंबून थांबू नका.