कामगार संघटना (बेळगाव सीमाभाग)

मालकाशी एकेकट्याने बोलण्याऐवजी सर्वांच्या वतीने बोलता यावे म्हणून कामगार वर्गणी काढून जी संस्था उभी करतात, ती कामगार संघटना. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात तिला सरळ ‘युनियन’ म्हणतात. संप, घोषणा आणि लाल बावटा ही तिची लोकांना दिसणारी बाजू. रोजचे काम मात्र कागदाचे असते. तोंडी ठरलेला पगार, रजा, बोनस लिहून घ्यायचा, त्यावर मालकाची सही घ्यायची आणि तो कागद कामगाराला त्याच्या भाषेत समजावून सांगायचा. कारखान्यात मराठी, कन्नड, उर्दू बोलणारे एकाच पाळीत असतात आणि सरकारी पत्रव्यवहार कन्नडमध्ये चालतो, अशा भागात या शेवटच्या कामाची किंमत फार मोठी आहे.

नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांना एकत्र केले आणि 1890 मध्ये रविवारची सुट्टी मिळवून दिली, तिथून भारतातील या चळवळीची सुरुवात मानली जाते. 1920 मध्ये आयटक (ऑल इंडिया ट्रेड युनियन काँग्रेस) या देशव्यापी संघटनेची स्थापना झाली आणि 1926 मध्ये कामगार संघटना कायदा आला. आजच्या बेळगाव जिल्ह्यात गोकाकच्या धबधब्याशेजारची सूतगिरणी 1887 पासूनची. पुढे यमनापूरला अॅल्युमिनियमचा कारखाना आला, उद्यमबाग आणि मच्छे येथे फाउंड्र्या व मशीन शॉप वाढले, संकेश्वर-चिकोडी बाजूला साखर कारखाने उभे राहिले. चंदगड-खानापूरची माणसे मुंबईच्या गिरण्यांतही होती. 18 जानेवारी 1982 ला सुरू झालेल्या गिरणी संपानंतर त्यांच्यातली अनेक कुटुंबे गावी परतली आणि संप म्हणजे काय याची मोठी, कडू आठवण घेऊन आली.

कामकाज

1926 च्या कायद्याप्रमाणे सात जणांच्या अर्जावर संघटनेची नोंदणी होई. 2001 च्या दुरुस्तीने आस्थापनेतील दहा टक्के किंवा शंभर कामगार, यांपैकी जो आकडा कमी तो आवश्यक ठरला. मात्र सातपेक्षा कमी चालत नाहीत. लहान कारखान्यात खरी अडचण इथेच येते. अर्जावर ज्यांची नावे पहिली, त्यांच्यावर मालकाची नजर पहिली. म्हणून जुने कार्यकर्ते नोंदणी पूर्ण होईपर्यंत गेटवर सभा घेत नाहीत, घरी बसून सह्या गोळा करतात.

नोंदणीनंतर सर्वसाधारण सभेत मागण्या ठरतात आणि मागणीपत्र व्यवस्थापनाला जाते. बोलणी फिसकटली तर प्रकरण कामगार खात्याच्या समेट अधिकाऱ्यापुढे आणि तिथेही जमले नाही तर न्यायाधिकरणाकडे. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यापासून चालत आलेला एक भेद कामगारांना सहसा ठाऊक नसतो. मालक आणि युनियन यांनी आपापसांत केलेला करार फक्त सही करणाऱ्या पक्षांना बांधतो. समेट अधिकाऱ्यापुढे झालेला करार सर्व कामगारांना लागू होतो, युनियनचा सभासद नसलेल्यालाही. वर्गणी न भरणाऱ्याला पगारवाढ मिळते ती यामुळे, आणि युनियनमधली निम्मी भांडणेही याच गोष्टीवरून होतात. बोनसचे गणितही सभासदांना समजावून सांगावे लागते. किमान 8.33 टक्के आणि कमाल 20 टक्के, या दोन आकड्यांच्या मधली सारी जागा बोलणीची असते.

निपाणीच्या तंबाखू कामगार

सीमाभागात संघटनेने आपली ताकद सर्वांत ठळक दाखवली ती निपाणीत, आणि ती दाखवली बायकांनी. वखारीत तंबाखू कुटायचा, चाळायचा, त्याची धूळ दिवसभर छातीत घ्यायची, आणि मजुरी मुकादम देईल ती. बीडी वळणाऱ्या बायका घरीच काम करत. पान आणि तंबाखू मुकादमाकडून आणायचा, वळलेल्या बीड्या त्याच्याकडे द्यायच्या. दर हजार बीड्यांमागे, आणि त्यातून ‘छाट’ म्हणून काढलेल्या बीड्यांचे पैसे मिळत नसत. घरात बसून काम करणारी बाई कोणाची कामगार, कारखानदाराची की मुकादमाची, हा प्रश्न मालकांच्या सोयीचा होता. 1966 च्या बीडी व सिगार कामगार कायद्याने घरी काम करणाऱ्यांनाही कामगार मानले. 1974 मध्ये मंगलोर गणेश बीडी वर्क्स खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा वैध ठरवला.

कायदा कागदावर होता, पण वखारीत पोहोचला नव्हता. ते काम प्रा. सुभाष जोशी आणि चिकोडी तालुका कामगार महासंघ यांनी हाती घेतले. 1980 च्या आसपास हजारो बायका किमान वेतन आणि कामाचे तास या मागण्यांसाठी रस्त्यावर आल्या. देवदासींच्या प्रश्नालाही निपाणीत याच वातावरणात वाचा फुटली. ‘युगांतर’ या स्त्रियांच्या गटाने 1982 मध्ये या लढ्यावर माहितीपट केला. शिकलेला पुढारी गावात आला म्हणून बायका उभ्या राहिल्या, असे सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे. वखारीत शेजारी-शेजारी बसून काम करताना त्यांनी आपापले हिशेब आधीच जुळवून पाहिले होते, आणि पुढारी आला तो या तयार जमिनीवर.

याच गावात 1981 मध्ये शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली तंबाखूच्या भावासाठी शेतकऱ्यांनी महामार्ग अडवला आणि 6 एप्रिलला गोळीबार झाला, त्यात शेतकरी मेले. एकाच तंबाखूतून पिकवणारा आणि कुटणारी असे दोघेही नाडले जात होते, तरी त्यांच्या चळवळी वेगवेगळ्या वाटांनी गेल्या.

बदलती भूमिका

आता कायम कामगार कमी आणि कंत्राटी जास्त. फाउंड्रीत भट्टीजवळ काम करणारा माणूस अनेकदा बिहार-ओडिशाकडचा असतो. त्याची हजेरी ठेकेदाराच्या वहीत, पगारही ठेकेदाराकडून, त्यामुळे कारखान्याच्या युनियनला त्याचे नाव आपल्या यादीत घेणे अवघड जाते. वडगाव-शहापूरचा विणकर तर स्वतःच्या घरी माग चालवतो आणि मजुरीवर साडी विणतो. त्याला मालक म्हणावे की कामगार, हेच ठरत नाही. उसाच्या हंगामातल्या तोडणी टोळ्यांची गाठ मुकादमाच्या उचलीशी, म्हणजे आगाऊ घेतलेल्या पैशांशी, बांधलेली असते, आणि गाळप हंगाम संपून पट्टा पडला की टोळी निघून जाते.

म्हणून युनियनची ताकद कारखान्याच्या गेटवरून सरकारच्या दाराशी सरकली आहे. बांधकाम मजुराला कल्याण मंडळाचे लेबर कार्ड काढायला वर्षात नव्वद दिवस काम केल्याचा दाखला लागतो, आणि तो मिळवून देणे हेच आज अनेक संघटनांचे मुख्य काम आहे. अंगणवाडी सेविकांना सरकार मानधन देते, पगार नाही. तरी 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना ग्रॅच्युइटीचा हक्क दिला. डिसेंबर 2020 मध्ये सरकारी नोकरांचा दर्जा मिळावा म्हणून आणि एप्रिल 2021 मध्ये सहाव्या वेतन आयोगासाठी कर्नाटकच्या सरकारी बस कर्मचाऱ्यांनी गाड्या थांबवल्या, तेव्हा खेड्यापाड्यांतली वाहतूक ठप्प झाली. हिवाळी अधिवेशनाच्या दिवसांत बेळगावच्या सुवर्णसौध या विधानभवनाच्या परिसरात सर्व संघटनांचे मंडप एकाच वेळी उभे असतात.

21 नोव्हेंबर 2025 पासून जुन्या केंद्रीय कामगार कायद्यांच्या जागी चार कामगार संहिता लागू झाल्या. आता 51 टक्के सभासद असलेल्या संघटनेला बोलणीचा एकटीला हक्क मिळतो. तसे बहुमत कोणाकडेच नसेल, तर किमान 20 टक्के सभासद असलेल्या संघटनांची मिळून बोलणी परिषद बनते. संपाला 14 दिवसांची नोटीस सर्वच कारखान्यांत लागते आणि निम्म्या कामगारांनी एकाच दिवशी रजा टाकली तर तीही संप ठरते. कारखाना बंद करण्यासाठी परवानगीची अट शंभरऐवजी तीनशे कामगारांवर नेली आहे. उद्यमबागेतील लहान कारखान्यांच्या कामगारांच्या हातून एक ढाल निसटली, असे स्पष्ट म्हणायला हवे.

सीमा आणि कायदा

1 नोव्हेंबर 1956 च्या राज्य पुनर्रचनेचा अर्थ भाषेच्या लढ्यात जितका सांगितला जातो, तितका हमालाच्या पाठीच्या हिशेबात सांगितला जात नाही. महाराष्ट्रात 1969 च्या माथाडी कायद्याने हमालांसाठी मंडळे झाली, बेळगावच्या बाजारातल्या हमालाला तो कायदा लागू नाही. महाराष्ट्रात 1971 च्या कायद्याने मान्यताप्राप्त संघटनेची पद्धत घातली, ती कर्नाटकात आली नाही. शिनोळी महाराष्ट्रातल्या चंदगड तालुक्यात, बेळगाव-वेंगुर्ला रस्त्यावर आहे, आणि मच्छे कर्नाटकात. दोन्हीकडचा कामगार एकाच बोलीत शिव्या देतो, पण एकाचा महागाई भत्ता कर्नाटकच्या पद्धतीने दर एप्रिलला बदलतो आणि दुसऱ्याचा महाराष्ट्राच्या पद्धतीने जानेवारी-जुलैला. बेळगावात राहून शिनोळीला कामाला जाणाऱ्याला आपला दर तपासायचा तर आपल्या गावातली चिकटवलेली नोटीस उपयोगाची नसते. नव्या संहितांनंतरही किमान वेतनाचे प्रत्यक्ष दर राज्य सरकारेच जाहीर करतात. त्यामुळे सीमेलगतच्या युनियनच्या कार्यालयात दोन्ही राज्यांची दरपत्रके शेजारी-शेजारी टांगावी लागतात.