परिसरसेवकांचा सत्कार (मुंबई)

आपली गल्ली, चाळ, वाडी, चौपाटी किंवा बाग स्वच्छ आणि देखणी राहावी म्हणून कोणी न सांगता राबणाऱ्या रहिवाशांचा शेजाऱ्यांनी, मंडळाने किंवा महापालिकेने केलेला जाहीर गौरव. मुंबईत असे सत्कार बहुधा गणेशोत्सवात, सत्यनारायणाच्या पूजेला, महाराष्ट्र दिनी नाहीतर प्रजासत्ताक दिनी होतात. शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ आणि सन्मानचिन्ह ही त्याची ठरलेली सामग्री. ज्याचा सत्कार होतो तो सत्कारमूर्ती. दहावी-बारावीच्या गुणवंतांच्या गौरवाला जेवढी गर्दी होते तेवढी याला होत नाही. तरीही दोन-सव्वादोन कोटी माणसांचा वावर असलेल्या महानगरात गल्ली ही गल्लीतल्या माणसांची असते, याची सर्वात ठळक खूण हीच प्रथा आहे.

पूर्वपीठिका

एकोणिसाव्या शतकातल्या मुंबईत शहर सुंदर करणारा म्हणजे शहराला काहीतरी बांधून देणारा, अशी समजूत होती. मशीद बंदरच्या भात बाजारातला केशवजी नायक यांचा कारंजा (१८७६) आणि फोर्टमधला मुळजी जेठा कारंजा (१८९४) या त्या काळातल्या पाणपोया. शेठजींनी पैसा दिला, तहानलेल्या हमालांना आणि गाडीच्या बैलांना पाणी मिळाले आणि दात्याचे नाव दगडात कोरले गेले. भायखळ्याची राणीची बाग १८६२ साली लोकांना खुली झाली. तिच्या उभारणीत नाना शंकरशेट यांचा मोठा वाटा होता. त्यांचा संगमरवरी पुतळा टाऊन हॉलमध्ये आहे. हा सगळा गौरव दानशूरांचा होता आणि तो योग्यच होता. मात्र त्या कारंज्यांची जाळी रोज कोण घासत होते, बागेतली रोपे कोणी जगवली, याची नोंद फारशी कुठे सापडत नाही.

सत्कार करणारे हात बदलल्याचे पहिले मोठे उदाहरण ११ मे १८८८ चे. त्या दिवशी मांडवीच्या कोळीवाडा सभागृहात मुंबईकरांनी जोतीराव फुले यांचा सत्कार केला आणि रावबहादूर विठ्ठलराव वंडेकर यांच्या हस्ते त्यांना ‘महात्मा’ ही पदवी अर्पण केली. फुले पुण्याचे. त्यांचे कार्यही गल्ली सजवण्याचे नव्हते, समाज उभा करण्याचे होते. तरी या नोंदीत तो प्रसंग घ्यायलाच हवा, कारण ही पदवी सरकारने दिलेली नव्हती, लोकांनी दिली होती आणि ती टिकली. पाच वर्षांनी, १८९३ मध्ये, गिरगावातल्या केशवजी नाईक चाळीत सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला आणि अशा सत्कारांना दरवर्षी हमखास मिळणारा मंच तयार झाला.

संत गाडगेबाबा (१८७६–१९५६) हे या परंपरेचे दैवत, आणि तिला अडचणीत टाकणारेही तेच. हातात खराटा घेऊन गाव झाडणारा हा माणूस स्वतःच्या पाया पडू देत नसे. त्यांचे अखेरचे कीर्तन मुंबईतच, वांद्र्याच्या पोलीस ठाण्याच्या आवारात, ८ नोव्हेंबर १९५६ रोजी झाले आणि सहा आठवड्यांनी, २० डिसेंबरला, ते गेले. टाटा रुग्णालयात उपचारांसाठी गावाकडून आलेल्या कर्करुग्णांना दादरची त्यांच्या नावाची धर्मशाळा आजही आसरा देते. राज्य सरकारचे ग्रामस्वच्छता अभियानही त्यांच्याच नावाने चालते. मंडपात सत्काराआधी ज्यांच्या तसबिरीला हार घातला जातो, त्यांत गाडगेबाबा अनेकदा असतात.

सोहळ्याचे स्वरूप

तयारी महिनाभर आधी, मंडळाच्या कार्यकारिणीच्या बैठकीत सुरू होते. ‘यंदा सत्काराला कोण?’ असा विषय निघाला की आधी नावे येतात ती घसघशीत वर्गणी देणाऱ्यांची आणि राजकीय ओळखीपाळखीची. मग मागे बसलेल्या एखाद्या बाई विचारतात, ‘मागच्या जिन्याशी कचऱ्याचा ढीग असायचा, तिथे आता जास्वंद फुलते. ती कोणी लावली? तळमजल्यावरच्या काकूंनी. त्यांना कधी बोलावलंत का?’ या एका वाक्यावर यादी बदलते. सत्काराचे खरे श्रेय पुष्कळदा असे नाव पुढे करणाऱ्याचे असते. ज्या मंडळात बायका बैठकीला बसतात, बोलतात आणि त्यांचे ऐकून घेतले जाते, तिथल्या सत्कारमूर्ती वेगळ्या असतात हे अनेक वस्त्यांत पाहायला मिळते.

प्रत्यक्ष कार्यक्रम संध्याकाळच्या आरतीनंतर होतो. सूत्रसंचालक नाव पुकारतो, अध्यक्ष शाल पांघरतात, श्रीफळ देतात, छायाचित्रासाठी सगळे एका रांगेत उभे राहतात. स्त्रियांचा सत्कार मंडळातली ज्येष्ठ स्त्री कुंकू लावून करते. पूर्वी सत्कारमूर्ती विधवा असेल तर तिला नुसते फूल देऊन कुंकू टाळले जाई. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथाबंदीचा ठराव केल्यावर हा विषय मुंबईतल्या मंडळांतही उघडपणे बोलला जाऊ लागला, हे चांगले झाले. दुसरी एक खोड मात्र अजून गेलेली नाही. पाहुण्यांची भाषणे लांबतात, रात्री दहाला ध्वनिक्षेपक बंद करावा लागतो आणि ज्यांच्यासाठी कार्यक्रम ठेवला त्यांना बोलायला दोन मिनिटे उरतात. सत्कार आधी आणि भाषणे नंतर, एवढा बदल केला तरी पुरे.

ती दोन मिनिटे मोलाची असतात. ‘मी काही फार केलं नाही, जमेल तेवढं केलं,’ असे म्हणून सत्कारमूर्ती बहुतेक वेळा काहीतरी मागतो: झाडांपर्यंत पोचेल एवढा पाण्याचा पाइप, कोपऱ्यावर एक दिवा, दुपारी पाणी घालायला एखादा जोडीदार. माणूस स्वतःसाठी मागत नाही, कामासाठी मागतो. ती मागणी कार्यकारिणीने तिथल्या तिथे लिहून घेतली तर पुढच्या वर्षी त्या कोपऱ्यावर बोलायला काही उरते.

सोहळ्यातली सर्वात दुर्लक्षित वस्तू म्हणजे मानपत्र. ‘निष्काम कर्मयोगी’, ‘समाजसेवेचा वसा घेतलेले’ अशा ठरीव शब्दांचे एकच मानपत्र नाव बदलून वर्षानुवर्षे वापरले जाते. चौकटीत बसवलेला तो कागद मग भिंतीवर लागतो, पण त्यावरून त्या माणसाने नेमके काय केले ते कळत नाही. याउलट, गटाराच्या कडेला आधी काय होते, झाडे कोणत्या साली लावली, कोणती जगली, पाणी कोणाकडून घेतले, विरोध कोणी केला आणि तो कसा निवळला, हे चार ओळींत लिहिले की मानपत्र त्या गल्लीचा इतिहास होते. चाळी पाडून टॉवर उभे राहत असताना अशा नोंदींची किंमत फार वाढली आहे. जास्वंदीसकट चाळ जाते, मानपत्र तरी राहते.

महापालिका आणि नागरिक

बृहन्मुंबई महानगरपालिकेने या सेवेला दिलेली सर्वात भरीव ओळख म्हणजे प्रगत परिसर व्यवस्थापन (ॲडव्हान्स्ड लोकॅलिटी मॅनेजमेंट), अर्थात एएलएम. तिची सुरुवात १९९७ च्या सुमारास घाटकोपरच्या जोशी लेनमध्ये झाली. रहिवाशांनी ओला आणि सुका कचरा घरातच वेगळा केला, ओल्याचे खत केले, रस्त्यावरच्या कचराकुंडीची गरज कमी केली आणि मोकळ्या झालेल्या जागी झाडे लावली. पालिकेने ही पद्धत उचलली आणि शहरभर असे शेकडो गट नोंदले गेले. इथे शालीचा संबंध नाही. गटाची नोंद होते, विभाग कार्यालयातला अधिकारी बैठकीला येतो, तक्रारीला उत्तर द्यावे लागते. राबणाऱ्या नागरिकाला याहून मोठा मान कोणता? पुढे अनेक गट थंडावले. काही ठिकाणी जुने कार्यकर्ते थकले, काही ठिकाणी वेगळा केलेला कचरा गाडीत पुन्हा एकत्र होताना पाहून लोकांचा हिरमोड झाला. २०१७ पासून पालिकेने २० हजार चौरस मीटरहून मोठ्या किंवा दिवसाला १०० किलोहून जास्त कचरा निर्माण करणाऱ्या संकुलांना आपल्या ओल्या कचऱ्याची विल्हेवाट आवारातच लावणे सक्तीचे केले, तेव्हा ज्या सोसायट्यांत खताचे खड्डे आधीपासून होते त्यांच्याकडे शेजारचे लोक शिकायला गेले.

झोपडपट्ट्यांसाठी दत्तक वस्ती योजना होती; तीत वस्तीची सफाई स्थानिक संस्थांकडे सोपवली जाई. गणेश मंडळांसाठी पालिकेची श्रीगणेश गौरव पुरस्कार स्पर्धा असते. चौकांना, रस्त्यांना आणि उद्यानांना स्थानिक समाजसेवकांची नावे देणे हीही जुनी पद्धत. अशी नावे बहुधा मरणोत्तर दिली जातात. कोपऱ्यावरची ती निळी-पांढरी पाटी बसमधून जाणाऱ्याला काही सांगत नसली तरी त्या वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांना सगळे सांगते.

वर्सोव्याचा अनुभव

ऑक्टोबर २०१५ मध्ये वर्सोव्याच्या किनाऱ्यावर राहायला आलेले वकील अफरोज शाह आणि त्यांचे वयोवृद्ध शेजारी या दोघांनी तिथला प्लास्टिकचा खच उचलायला सुरुवात केली. कोळीवाड्यातली माणसे, विद्यार्थी, शहरभरातले स्वयंसेवक हळूहळू जोडले गेले आणि दर आठवड्याच्या श्रमदानाची ती जगातली एक मोठी किनारा स्वच्छता मोहीम ठरली. २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने शाह यांना ‘चॅम्पियन ऑफ द अर्थ’ हा सन्मान दिला. मुंबईच्या एका रहिवाशाच्या परिसरसेवेला मिळालेला हा सर्वात मोठा जागतिक मान म्हणता येईल.

तरीही नोव्हेंबर २०१७ मध्ये ही मोहीम काही काळ थांबवावी लागली. गोळा केलेला कचरा वेळेवर उचलला जात नव्हता आणि स्वयंसेवकांना त्रास दिला जात होता. थोड्याच दिवसांत काम पुन्हा सुरू झाले आणि मार्च २०१८ मध्ये त्याच वाळूतून ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले समुद्राकडे गेली. वर्सोव्यात असे दृश्य कित्येक वर्षांत कोणी पाहिले नव्हते. जागतिक पुरस्कार हातात असताना कचऱ्याची गाडी मात्र येत नाही, ही परिस्थिती मुंबईतल्या असंख्य छोट्या गटांनी पुरस्काराविनाच अनुभवली आहे. म्हणून सत्काराच्या मंचावर विभाग कार्यालयातला घनकचरा खात्याचा अधिकारी बोलावण्याची काही मंडळांची पद्धत फार शहाणपणाची आहे. त्याच्या हातून शाल दिली जाते आणि सगळ्यांसमोर गाडीची वेळही ठरते.

पगारी आणि बिनपगारी

या सत्कारांची मोठी उणीव पगारी कामगारांच्या बाबतीत दिसते. मुंबईत दररोज साधारण साडेसहा ते सात हजार टन कचरा निघतो. तो झाडणारे, उचलणारे, गाडीत भरणारे सफाई कामगार पहाटे चौकीवर हजेरी लावतात आणि मुकादमाने नेमून दिलेल्या रस्त्यावर जातात. ‘ते त्यांचं कामच आहे’ म्हणून त्यांना सत्कारातून वगळण्याची सवय चुकीची आहे. त्यांतले बहुसंख्य दलित समाजातून आलेले आहेत आणि पिढ्यानपिढ्या हेच काम करत आले आहेत, हे विसरून परिसराच्या सौंदर्याबद्दल बोलता येत नाही. वर्षातून एकदा मंडपात बोलावणे उत्तम, पण हातमोजे, गमबूट, पावसाळ्यात रेनकोट आणि राहायला धड घर हा त्यांचा हक्क आहे, कोणाची मेहेरबानी नव्हे. कंत्राटी म्हणून वर्षानुवर्षे राबवलेल्या २,७०० सफाई कामगारांना कायम करण्याच्या निर्णयावर सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१७ मध्ये शिक्कामोर्तब केले. कचरा वाहतूक श्रमिक संघाने हा लढा अनेक वर्षे चालवला होता. त्या कामगारांसाठी हा निकाल कोणत्याही मानपत्राहून मोठा होता.

कचरा वेचणाऱ्या स्त्रियांचे स्थान आणखी अवघड. त्या ना पालिकेच्या नोकरीत, ना गल्लीच्या रहिवासी. स्त्री मुक्ती संघटनेने १९९८ पासून परिसर विकास कार्यक्रमातून त्यांना कचऱ्याचे वर्गीकरण, खतनिर्मिती आणि बायोगॅस प्रकल्प चालवण्याचे प्रशिक्षण दिले. या स्त्रिया ‘परिसर भगिनी’ म्हणून ओळखल्या जातात. ज्या सोसायट्यांत त्या काम करतात तिथे आता कुठे कुठे प्रजासत्ताक दिनाच्या झेंडावंदनाला त्यांनाही बोलावले जाते.

टीका आणि बदल

परिसर सुंदर करणाऱ्यांच्या अभिनंदनाचे फलक रस्त्यावर लावून परिसर विद्रूप करण्याचा प्रकार सर्रास होतो. मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०१७ मध्ये बेकायदा फलकांविरुद्ध सविस्तर आदेश दिले, तरी उत्सवांच्या दिवसांत खांब आणि झाडे फ्लेक्सने झाकली जातात. त्यांवर सत्कारमूर्तीचे छायाचित्र छोटे आणि शुभेच्छुकांची मोठी असतात. ज्या झाडाला त्या माणसाने पाणी घातले त्यालाच खिळा ठोकून त्याचे अभिनंदन करणे, हा त्याच्या कामाचा अपमान आहे.

सौंदर्य म्हणजे नेमके काय, हा वादही आहेच. २०१७-१८ मध्ये घाटकोपरजवळच्या असल्फा टेकडीवरची घरे स्वयंसेवकांनी रंगवली आणि मेट्रोतून दिसणारी ती रंगीत टेकडी देशभर गाजली. रहिवाशांना आपल्या वस्तीचा अभिमान वाटला, तो खराच होता. त्याचबरोबर पाणी, शौचालये आणि गटारे यांचे काय, हा प्रश्नही तितकाच खरा. डोंगरउतारावरच्या वस्तीत पहाटे नळावर रांगेची शिस्त लावणारी आणि सार्वजनिक शौचालयाची किल्ली सांभाळणारी बाई छायाचित्रात येत नाही. तिचेही काम परिसर सुंदर करण्याचेच आहे.

अलीकडे पुष्पगुच्छाऐवजी रोप आणि सन्मानचिन्हाऐवजी झारी, खुरपे किंवा खताचा डबा देण्याची रीत काही मंडळांनी पाडली आहे. एका माणसाऐवजी सगळ्या मजल्याचा किंवा गल्लीतल्या गटाचा सत्कार करणेही वाढले आहे. काही चाळींत सत्कारानंतरच्या रविवारी सत्कारमूर्तीच्याच देखरेखीखाली सामूहिक श्रमदान ठेवतात. त्या दिवशी सूचना ते देतात आणि झाडू अध्यक्षांच्या हाती असतो.