माळवदाची गळती व डागडुजी

लाकडी खांब, तुळया आणि सरांवर, म्हणजे तुळयांवरच्या आडव्या लाकडांवर, माती पसरून केलेल्या सपाट छताला मराठवाड्यात माळवद म्हणतात. खानदेशाकडे त्यालाच धाबे म्हणण्याची रीत आहे. गढी, वाडा आणि दोन खणांचे साधे घर, तिन्हींवर छत याच जातीचे असे, फरक फक्त लाकडाचा. सरांवर किलच, म्हणजे लाकडाच्या चिपा, किंवा ऐपतीप्रमाणे सागवानी फळ्या, त्यावर पाला नाहीतर पऱ्हाट्या (कापसाच्या वाळलेल्या काड्या), मग चिखलाचा थर आणि सगळ्यात वर पांढरी माती. वाळवी लागू नये म्हणून पाला शक्यतो कडुनिंबाचा घेत. उजेडासाठी आणि धुरासाठी छतात ठेवलेल्या भोकाला साने म्हणतात.

असे छत कोकणात एक आषाढही काढणार नाही. मराठवाड्याच्या बऱ्याच भागात वर्षाचा पाऊस ७०० ते ८०० मिलिमीटरच्या आसपास असल्यामुळे ते चालते. तरीही माळवद पाणी अडवते असे म्हणणे चूक आहे. माती पाणी पिते. वरचा पापुद्रा भिजून फुगतो, त्याची छिद्रे बुजतात आणि उरलेले पाणी उतारावरून पन्हाळाकडे, म्हणजे पाणी बाहेर टाकणाऱ्या नळीकडे, जाते. म्हणून तासाभराच्या धो धो सरीला माळवद दाद देत नाही. त्याला खरी भीती झडीची. तीन-तीन दिवस भुरभुर चालली की ओल थरामागून थर खाली उतरते.

माती कोणती, यावर सगळे अवलंबून असते. शेतातली काळी माती इथे कुचकामी, कारण ती ओली झाली की फुगते आणि उन्हात तिला बोट जाईल अशा भेगा पडतात. लागते ती पांढरी, म्हणजे जुन्या गावठाणाची राखमिश्रित, बारीक माती. काही गावांत खारी मातीही वापरत. तिच्यातल्या क्षारांमुळे मातीचे कण सुटे होऊन छिद्रांत बसतात. या गरजेची किंमत मात्र जुन्या टेकाडांनी मोजली. तेर, पैठण, भोकरदन इथल्या पांढरीत सातवाहन काळातल्या वस्त्यांचे अवशेष आहेत, आणि अशा टेकाडांची माती गावकरी पिढ्यान् पिढ्या घरासाठी नेत आले.

डागडुजीचे दिवस ठरलेले असतात: मिरग निघायच्या आत. आधी वर उगवलेले गवत आणि पिंपळाची रोपे मुळासकट काढायची, उंदरांची बिळे कुदळीने उकरून ओल्या मातीने ठासायची, मग नवी पांढरी पसरून धुमसाने नाहीतर चोपण्याने, म्हणजे माती ठोकायच्या लाकडी अवजाराने, बडवायची. उतार डोळ्याला दिसतोच असे नाही. तांब्याभर पाणी ओतून ते कुठे जाते ते पाहिले की कळते. पन्हाळाचे तोंड आणि वरवंडीच्या (छताच्या कठड्याच्या) कडेची सांध या दोन जागा सगळ्यात दगाबाज. तिथे गव्हाचा भुसा घालून मुरवलेला चिखल लिंपतात. पहिला पाऊस पडून गेल्यावर माती घट्ट व्हायच्या आत पुन्हा एकदा चोपणे घेऊन वर जावे लागते, आणि आळशी घर नेमके इथेच फसते.

झडीच्या रात्री गळती धरणे हे वेगळेच कसब. ठिपका पडतो चुलीपाशी, पण भोक असते चार हात पलीकडे. पाणी किलचावरून सरकत सरापर्यंत येते आणि तिथून टपकते. अनुभवी माणूस म्हणून खाली भांडे ठेवून आधी लाकडाची ओल कुठवर गेली ते कंदिलाने बघतो. मग गोणपाटाची खोळ पांघरून वर चढायचे, कोपऱ्यात झाकून ठेवलेली कोरडी पांढरी आणि राख त्या जागी टाकायची आणि टाचेने दाबायची. फावडे चालवले तर भोक मोठे होते.

या पद्धतीत एक खोट होती. दर वर्षी नवी माती चढे, जुनी कोणी उतरवत नसे. पन्हाळ मातीत बुडू लागले की ते उपटून वर बसवायचे, एवढाच काय तो हिशेब. दहा बाय दहा फुटांच्या खोलीवर फूटभर थर म्हणजे एक ब्रास माती, कोरडी असतानाच सुमारे साडेचार टन. कित्येक घरांवर थर दोन फुटांच्याही वर गेले होते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा आदल्या दिवशीचे गणपती विसर्जन आटोपून माणसे झोपली होती. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती फुटल्या आणि माळवदे खाली आली. लातूर-उस्मानाबाद भागात सुमारे आठ ते दहा हजार माणसे गेली. जिथे छत खांबांवर नीट पेललेले होते तिथे भिंती पडूनही काही माळवदे उभी राहिली. दोष सगळा मातीच्या माथी मारणे त्यामुळे बरोबर नाही. पण माळवदाखाली झोपायची भीती बसली ती बसलीच.

त्यानंतर पत्रे आणि स्लॅब आले. मे महिन्यातल्या दुपारी पत्र्याखाली बसवत नाही, हे सांगायला थर्मामीटर लागत नाही. जुन्या माळवदावर सिमेंटचा गिलावा करण्याचा उपायही बऱ्याच जणांनी करून पाहिला. माती हलते, गिलावा हलत नाही, म्हणून त्याला तडे जातात आणि आत शिरलेले पाणी वाळायला वाट न मिळाल्याने सर कुजतात. ज्यांनी माळवद राखले आहे त्यांच्याकडे कामाचा क्रम आता उलटा झाला आहे: आधी जुनी माती वीतभर उरेपर्यंत पाट्यांनी खाली उतरवायची, प्लास्टिकचा जाड कागद अंथरायचा, मगच वर पांढरी टाकायची.